रॉक रेडर्स: साधं टेलिपोर्ट पॅड की सुपर टेलिपोर्ट?

लेगो रॉक रेडर्स या गुहेतल्या खाणकामाच्या गेमच्या १९९९ च्या पीसी आवृत्तीत पॉवर स्टेशन आणि सपोर्ट स्टेशन या इमारती उभ्या राहिल्या की खेळणारा हमखास एका ठिकाणी थबकतो. साठलेला ओर (बांधकामाला लागणारं खनिज) आता मोठ्या गाड्या उतरवणाऱ्या सुपर टेलिपोर्टवर घालायचा, की छोट्या गाड्यांच्या साध्या टेलिपोर्ट पॅडवर भागवायचं?

मोह पडणारच. क्रोम क्रशर ही मोठी खोदणारी गाडी गुहेत उतरवायची तर दुसरा रस्ताच नाही. लोडर डोझर आणि ग्रॅनाइट ग्राइंडर यांचंही तेच. साध्या पॅडवर होव्हर स्काउट, स्मॉल डिगर, छोटा ट्रक अशी चिल्लीपिल्लीच उतरतात. क्रोम क्रशर हार्ड रॉकमध्ये, म्हणजे कठीण खडकात घुसतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पॅडला ८ ओर लागतो, सुपर टेलिपोर्टला २०. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, पण माझा निर्णय तिथेच झाला. रेडर, म्हणजे गेममधला खाणकामगार, एका वेळी एकच तुकडा उचलतो आणि तोही पायी नेतो. आधी बांधकामाच्या जागेभोवती कठडे आणून लावणार, मग ओरची वरात निघणार. त्यातच एखाद्याला भूक लागते आणि तो जेवायला वळतो. तेवढ्या वेळात खोदकाम थंडावतं, भिंती तशाच राहतात आणि नेमका तेव्हाच एखादा स्लग नावाचा गुहेतला प्राणी जमिनीतून वर येऊन इमारतीची ऊर्जा शोषायला लागतो. कामांचा प्राधान्यक्रम वरखाली करून थोडा दिलासा मिळतो, पण फार नाही. मोठी गाडी येईपर्यंत अर्धी मोहीम छोट्यांच्या जिवावर उरकलेली असते. निदान माझ्या खेळात तरी असंच होत आलंय. घड्याळ लावून मोजलेलं नाही, इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

शिवाय गाडी आली म्हणजे ड्रायव्हरचं प्रशिक्षण घेतलेला रेडर हवा, आणि तो आत बसला की इतर कामांतून गेला. गुहेत सापडणारे ऊर्जेचे क्रिस्टल लागतात ते वेगळेच. सुपर टेलिपोर्टला जागाही जास्त लागते, म्हणजे अरुंद गुहेत आधी भिंती पाडा आणि मलबा उचला.

त्याऐवजी मी खोदकामाच्या तोंडाशी दुसरं टूल स्टोअर, म्हणजे ओर आणि क्रिस्टल जमा करायची इमारत, टाकतो. रेडरांची पायपीट घटते आणि ओर, क्रिस्टल लवकर जमा होतात. हार्ड रॉक रेडरच्या ड्रिलने हलत नाही, पण डायनामाइटने फुटतो. पॅडवरून आणलेले एकदोन स्मॉल डिगर बाकीचं सांभाळतात. दिमाख नाही, पण काम अडत नाही.

तरी नकाशा ऐसपैस असेल, हार्ड रॉकच्या भिंतीमागून भिंती असतील आणि मलब्याचे ढीग उपसायचे असतील, तर लोडर डोझरसाठी का होईना, सुपर टेलिपोर्टचा विचार जरूर करा. बांधायचंच ठरलं तर जागा आधी साफ करून ठेवा आणि टूल स्टोअरला खेटून बांधा, म्हणजे ओरची वरात आखूड होईल. माझ्या गुहेत ते अगदी शेवटी येतं, तेही ओर उरला तर.