फिरंग तलवार, पाच महिन्यांनंतर: पातं उत्तम, मुठीत फसवणूक

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची फिरंग, म्हणजे युरोपी धाटणीच्या पात्याची तलवार, राज्य सरकारनं 2025 मध्ये लंडनच्या लिलावात 47 लाख 15 हजारांना घेतली. तिचे फोटो पाहिल्यापासून तशीच सरळ, एकधारी प्रतिकृती घरात हवी होती. सप्टेंबरात 2950 रुपयांना ऑनलाइन मागवली. बिनधारीच घेतली; नऊ इंचांवरच्या धारदार पात्याची कायद्याची कटकट नको. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावी लागली.

दसऱ्याला पूजेत ठेवली तेव्हा जो तो हातात घेऊन पाहत होता. मीही तेव्हा पाच तारे दिले होते. ते मागे घेतो.

जानेवारीत शिवजयंतीच्या सरावात पोरांनी फिरवली आणि मूठ खुळखुळायला लागली. फिरवताना पातं निसटलं तर समोरच्याचं काय होईल? जाहिरातीत ‘फुल टँग’ लिहिलं होतं, म्हणजे पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ही शोभेची वस्तू आहे, वॉरंटी नाही. परत पाठवायचा खर्चही माझाच!

शेवटी गावातल्या लोहारकाकांकडे नेली. त्यांनी मूठ तापवून उतरवली. पात्याची शेपटी जेमतेम तीन बोटं, भोवती भुगा झालेली कसलीतरी पुट्टी. मी संतापलो. काका म्हणाले, “शेपटी लहान हाय म्हणून नाही हालत जी. जुन्या तलवारीतही लहानच रायते, पण लाखेत बसवते. यानं माती भरली.” हे मला माहीत नव्हतं, म्हणून शेपटीबद्दलचा राग सोडला. पातं त्यांनी वाकवून पाहिलं, सोडल्यावर सरळ झालं. विक्रेत्याचा स्प्रिंग स्टीलचा दावा मला तरी खरा वाटतो.

आमच्या गोंदियाकडे पळसावरची लाख मिळतेच. तीत विटेची भुकटी मिसळून काकांनी मूठ भरली, पातं तापवून आत दाबलं. दीडशे रुपये घेतले. 19 फेब्रुवारीला तासभर फिरवली, जरा हलली नाही.

म्यान मात्र भंगार. मखमलीत ओल धरते. दिवाळीपर्यंतच पात्यावर तांबूस ठिपके आले होते. आता शिलाई मशीनचं तेल लावून पातं म्यानाबाहेरच ठेवतो.

घेणाऱ्यांनी आधी मूठ उतरवलेला फोटो मागावा, नाही दिला तर घेऊ नये. विक्रेत्यानं ‘फुल टँग’ हे दोन शब्द अजून काढलेले नाहीत. दीडशे रुपये मला नकोत, ते शब्द काढा.