इंक टँक की लेझर: पडून राहणाऱ्या प्रिंटरचं काय?

घरासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी शेवटी याच दोन नावांपाशी येऊन थांबते. एकीकडे रंगीत छापणारा इंक टँक, दुसरीकडे फक्त काळं छापणारा लेझर. (छोट्या कार्ट्रिजवाला जुना इंकजेट मनात असेल तर तो काढून टाका. त्यावर माझ्याकडे दुसरं सभ्य उत्तर नाही.) वेग किती, वायफाय आहे का, वर स्कॅनर आहे का, हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि दोन्हींत फरक एकोणीस-वीसचा. त्यात मी पडत नाही. मी चार वर्षं इंक टँक वापरला आणि आता तीन वर्षं लेझर वापरतोय, माझा अधिकार तेवढाच.

एक कबुली आधीच देतो. मी फार कमी छापतो. महिन्याला वीस-पंचवीस पानं, आणि तीही विचित्र पद्धतीने: एका संध्याकाळी बारा पानं, मग तीन आठवडे काही नाही, मग एकदम रात्री साडेदहाला एक पान, जे सकाळी लागणारच असतं. प्रिंटर घेताना मात्र मी स्वतःला रोज छापणारा माणूस समजत होतो. घेताना आपण सगळेच तसं समजतो. मुलांचे प्रोजेक्ट, फोटो, कॅलेंडर, काय काय डोळ्यांपुढे असतं. म्हणून इंक टँक घेतला.

आणि पहिलं वर्षभर मी त्याच्यावर खूष होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बाटली उलटी धरून टाकी भरायची, बाजूच्या खिडकीतून शाई किती उरली ते दिसतं, आणि एकदा भरली की महिनोन्‌महिने बघायला नको. ही टाकीची कल्पना एप्सनने २०१० साली पहिल्यांदा इंडोनेशियात बाजारात आणली. त्याआधी लोकच साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या जोडून, शेजारी बाटल्या ठेवून स्वस्तात छापत होते. कंपनीने तीच युक्ती नीट बांधून दिली. कल्पना उत्तमच आहे. चकचकीत कागदावर फोटो काढून बघा, लेझर त्याच्या जवळपासही येत नाही.

आता ती रात्र. एक अर्ज छापायचा होता, वर्डमध्ये तयार, एकच पान. प्रिंटर तीन आठवडे झाकून ठेवलेला. पान बाहेर आलं ते पांढऱ्या रेघांचं. प्रत्येक ओळ कुणीतरी कंगव्याने विंचरल्यासारखी. नोझल चेक काढला, म्हणजे शाईची छिद्रं नीट चालतात का ते दाखवणारं पान. तुम्ही पाहिला असेल, चार रंगांच्या पायऱ्यापायऱ्यांची ती जाळी असते. पिवळी जाळी दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. निळी पूर्ण, गुलाबी पूर्ण, पिवळी बहुधा पूर्ण, आणि काळीच्या अर्ध्या पायऱ्या गायब. हेड क्लीनिंग केलं, म्हणजे शाई ओढून ती छिद्रं मोकळी करायची. दोन मिनिटं आतून घुंई-घुंई आवाज, मग पुन्हा नोझल चेक. काळी थोडी सुधारली, गुलाबी बिघडली. परत क्लीनिंग. गुलाबी आली, काळी पुन्हा गेली. तिसऱ्या क्लीनिंगनंतर टाकीकडे बघितलं तर शाईची पातळी चांगली दिसण्याइतकी उतरलेली, आणि छापून झालेलं पान एकही नाही. शेवटी अकरा वाजून गेल्यावर अर्जातल्या अक्षरांचा रंग गडद निळा केला, म्हणजे काळ्या शाईवाचून काम भागेल, आणि तो निळा अर्ज घेऊन सकाळी गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा अर्जाकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत.

यात यंत्राचा दोष किती आणि आमचा किती, हेही बघायला हवं. शाई पाण्यासारखी पातळ, आणि ती जिथून बाहेर पडते ती छिद्रं केसापेक्षा बारीक. काम संपलं की हेड एका बाजूला जाऊन रबरी टोपीखाली बसतं, म्हणजे हवा लागून शाई वाळू नये. पण याची खात्री तेव्हाच, जेव्हा तुम्ही प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करता. आमच्याकडे बाबांना झोपण्याआधी बोर्डावरची सगळी बटणं खटाखट बंद करायची सवय. प्रिंटर छापत असो वा नसो. किती वेळा ते हेड टोपीबाहेर उघडं राहिलं असेल, देव जाणे. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे, रात्री कशाला चालू ठेवायचा?" त्यांचंही चूक नाही म्हणा.

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागायला लागलो. फोनवर दर रविवारचं रिमाइंडर लावलं: रंगीत पान काढणे. चारही रंगांचे पट्टे असलेलं एक पान, दर आठवड्याला, फक्त नळ्या वाहत्या राहाव्यात म्हणून. उपाय खरा आहे, लागू पडतो. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला वाटायला लागलं की हा प्रिंटर आहे की कुंडीतलं रोप? गावाला गेलो की शेजाऱ्यांना किल्ली देऊन सांगायचं का, झाडांना पाणी घाला आणि तेवढं एक पान काढा? शिवाय क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई नाहीशी होत नाही, ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये मुरत राहते. तो स्पंज भरत आला की पडद्यावर सूचना येते, आणि पूर्ण भरला की काही मॉडेल्स छापायचंच बंद करतात. काहींत तो डबा आपल्याला बदलता येतो, काहींत नाही. घेणार असाल तर दुकानदाराला हे एक आवर्जून विचारा. माझ्या मॉडेलमध्ये येत नव्हता.

लेझरकडे वळलो तो खरं तर वैतागून, अभ्यास करून नव्हे. अभ्यास नंतर झाला. तेव्हा कळलं की ज्याला आपण सर्रास 'झेरॉक्स' म्हणतो, त्या शब्दातच माझ्या दुखण्याचं औषध होतं. 'झेरोग्राफी' म्हणजे कोरडं लेखन. ग्रीकमध्ये 'झेरॉस' म्हणजे कोरडं. चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने १९३८ साली शोधलेल्या या पद्धतीत ओली रसायनं लागतच नाहीत. लेझर प्रिंटर हे त्याच पद्धतीचं पुढचं पाऊल. ड्रमवर, म्हणजे आत फिरणाऱ्या नळकांड्यावर, विजेचा भार, लेझरने त्यावर अक्षरं उमटवायची, तिथे काळी पूड चिकटते, पूड कागदावर जाते आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून कागदात बसते. टोनर म्हणजे मुळात रंगवलेल्या प्लास्टिकची भुकटी. जे आधीच कोरडं आहे ते वाळणार कुठून?

हे मला पुस्तकातून नाही, प्रवासातून परत आल्यावर पटलं. दोन महिने घर बंद होतं. आल्यावर बॅगा उघडायच्या आधी, केवळ कुतूहल म्हणून, लेझर चालू करून एक पान काढलं. थोडा वेळ घरघरला, तापला, आणि पान आलं. काळंभोर, एकही रेघ नाही. गरम पान हातात धरून मी उगाचच थोडा वेळ उभा राहिलो. ज्यांनी इंक टँकशी चार वर्षं संसार केलाय त्यांना कळेल.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता, तो अक्षरांचा. साध्या कागदावर शाई फुटते, म्हणजे धाग्याधाग्यांतून थोडी पसरते. इंग्रजी अक्षरांना ते खपून जातं. आपल्या अक्षरांचं तसं नाही. नऊ पॉइंटात 'द्ध', 'क्ष', 'ष्ट्य' छापून बघा. माझ्या इंक टँकवर त्यांची गाठ व्हायची आणि अनुस्वार शिरोरेषेला जाऊन चिकटायचा. आईला वाचायला स्तोत्रं काढून दिली होती, तर म्हणाली, "हे 'सिद्धी' आहे की 'सिध्दी'?" लेझरवर तेच पान सुईने कोरल्यासारखं आलं. वरून पाण्याचा थेंब पडला तरी काही होत नाही, हायलायटर फिरवला तरी काळं फराटत नाही. चांगल्या इंक टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते आणि ती बरीच टिकते, हे मान्य. रंगीत शाया मात्र बहुतेक डायच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. त्यांच्याजवळ ओला ग्लास ठेवू नका.

आता लेझरची गाऱ्हाणी, कारण तीही आहेत आणि काही चांगलीच डोकेदुखी आहेत. तो तापलेला रूळ वीज ओढतो, आणि दमादमाने नाही, एकदम हिसका देऊन. छापायला सुरुवात झाली की आमच्या खोलीतला दिवा क्षणभर डोळे मिचकावतो. पहिल्याच आठवड्यात मी अतिशहाणपणा करून प्रिंटरची पिन डेस्कटॉपच्या यूपीएसमध्ये लावली होती. छापायचा हुकूम दिला, यूपीएस किंचाळला, आणि प्रिंटर, संगणक, न साठवलेलं सगळं काम, तिन्ही एका दमात गेलं. लेझर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावायचा, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल मी नंतर वाचलं.

फोटो तर विसराच. ओळखपत्राची प्रत काढली की त्यातला माणूस फरार गुन्हेगार दिसतो. रंगीत लेझर मिळतो, पण त्यात चार टोनर आणि वजन असं की एकट्याने हलवायचा नाही. घरासाठी मला तो अंगापेक्षा बोंगा मोठा वाटतो. इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत कागद किंवा साधी प्लास्टिकची शीट लेझरमध्ये चुकूनही घालू नका. आत रुळावर वितळून बसली तर प्रिंटरच गेला. आणि नव्या प्रिंटरसोबत येणारा टोनर बऱ्याचदा पूर्ण भरलेला नसतो, त्यामुळे पहिला टोनर लवकर संपला म्हणून धसका घेऊ नका. अक्षरं फिकी पडायला लागली की कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरायचं, हलकेच डावी-उजवीकडे झुलवायचं आणि परत बसवायचं. आत एका बाजूला साचलेली पूड पसरते आणि आणखी बरीच पानं निघतात. मी या एका युक्तीवर जवळजवळ दोन महिने काढलेत. पूड सांडलीच, तर गार पाण्याचा फडका. गरम पाणी नको, ती वितळून चिकटते.

खर्चाचं काय, हे सगळेच विचारतात. दर पानाला इंक टँक स्वस्त, यात वादच नाही. फरक चांगला जाणवण्याइतका आहे. फक्त एक लक्षात घ्या, बाटलीवर लिहिलेला पानांचा आकडा सलग छापून काढलेला असतो. माझ्यासारख्याची शाई पानांवर कमी आणि स्पंजमध्ये जास्त जाते, तो हिशोब खोक्यावर नसतो. मी काही वही घालून मोजलेलं नाही, पण चार वर्षांत भरलेल्या बाटल्या आणि काढलेली पानं आठवली की हसू येतं. उलट टोनरचा खर्च एकदम अंगावर येतो, एका महिन्यात बसतो तो चिमटा. मला त्याचं फार वाटत नाही, कारण तो दीड-दोन वर्षांनी एकदा बसतो. कुणाला वाटू शकतं.

तेव्हा तुमच्याकडे शाळेत जाणारी मुलं असतील, आठवड्यातून तीन-चार वेळा तरी रंगीत पान निघत असेल, तर माझं ऐकून लेझर घेऊ नका, पस्तावाल. इंक टँक वाहता राहिला तर उत्तम चालतो. पण तुम्हाला अर्ज, पावत्या, तिकिटं, वाचायचे लेख एवढंच लागत असेल, आणि मधले पंधरा-वीस दिवस प्रिंटरकडे कुणी ढुंकूनही बघत नसेल, तर मी आपला सुचवेन की एकदा लेझर बघून घ्या. फोटो वर्षातून चारदा लागतात, ते बाहेरून काढून आणता येतात. रात्री साडेदहाचा अर्ज बाहेरून आणता येत नाही.

माझा जुना इंक टँक ताईकडे गेला. नेताना आडवा करू नको म्हणून दहादा बजावलं होतं, तरी गाडीत तो कलंडला आणि सीटवर निळा डाग पडला, तो अजून आहे. तिच्या दोन मुली रोज काही ना काही छापतात, त्यामुळे गेली तीन वर्षं तो मुकाट चाललाय. मी त्याला नावं ठेवली की ताई हसते. मुलींच्या सुट्टीत ते सगळे तीन आठवडे बाहेर गेले होते. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अरे, याला काय झालंय? रेघा येतायत."

"क्लीनिंग किती वेळा केलंस?"

"पाच."

"आता बास. बटणाने बंद कर, बोर्डावरून नको. रात्रभर तसाच राहू दे, उद्या सकाळी परत एकदा कर."

दुसऱ्या दिवशी चार पूर्ण जाळ्यांचा फोटो आला. पिवळी दिसत नव्हती, पण असावी.