प्रेशर वॉशर, आठ महिन्यांनंतर: गट्टू (पेव्हर ब्लॉक) चकाचक, फटीतली रेती गायब

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अंगणातला गुलाल धुवायला जोरात पाणी मारायचं हे मशीन काढलं तर धार अशी, जशी म्हातारा नळ. मोटर बोंबलते, पाणी टपटपते. सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या पोराने न उघडताच सांगितलं, पंप गेला, ३,२०० लागतील, आणि बघायचेच २५० घेतले. ७,४०० चं मशीन, आठ महिने, महिन्यातून एखादवेळ वापर. हिशेब तुम्हीच करा. रागात लिहून राहिलो त्यामुळे जे चांगलं आहे ते पण आधी सांगून टाकतो, नंतर राहून जाईल.

घर नागपुरात बेसा साइडला, कंपाउंडच्या आत अंदाजे ४८० स्क्वेअर फूट गट्टू, लाल नि ग्रे, ६० एमएमचे. उत्तरेच्या बाजूला शेजारचा कडुनिंब, तिथे ऊन पोचतच नाही, म्हणून पाऊस लागला की पंधरा दिवसांत हिरवंगार शेवाळ. मागच्या जुलैत सिलेंडरवाल्याचा पाय सरकला, तो वाचला पण सिलेंडर गडगडत गेटबाहेर गेलं नं समोरच्या काकूंच्या तुळशीपाशी जाऊन थांबलं. त्याच संध्याकाळी ऑर्डर टाकली. १६०० वॅट, खोक्यावर पाण्याचा दाब १३० बार.

पहिला रविवार म्हणजे काय सांगू. चार वर्षांचा काळा थर एका फटक्यात निघाला, खालून लाल रंग असा वर आला की बायकोने व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. दोन तास ट्रिगर दाबून होतो, मिनिटाला सात लिटर म्हणजे ८४० लिटर पाणी, वीज तीन युनिटच्या वर थोडी. बाया लावून खराट्याने घासून घेतलं असतं तर पैसे जास्त गेले असते. समोरच्या काकू गेटवर येऊन म्हणाल्या, "काय करून राहिले भाऊ, गट्टू धुता का खोदता?" मी हसलो. हसायला नको होतं.

झालं असं की शेवाळ फटीत रुजून राहते म्हणून मी बारीक धारेची नोझल लावून प्रत्येक फट सरळ वरून मारली. काळा चिखल भिंतीवर उडत होता आणि मी खुश, बघा किती घाण निघून राहिली. ती घाण नव्हती, ती माझीच रेती होती. पंधरा दिवसांनी ॲक्टिव्हा आत घेतली की टक-टक आवाज, गेटजवळचे गट्टू पियानोच्या पट्ट्यांसारखे हलायला लागले.

तेव्हा कळलं की गट्टूंना धरून ठेवणारं सिमेंट नसतेच. दोन गट्टूंच्या मध्ये दोन ते चार एमएमची फट, तिच्यात ठासून भरलेली बारीक रेती, एकावरचं वजन शेजारच्यावर जाते ते तिच्यामुळे. ती गेली की प्रत्येक गट्टू एकटा. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगते, म्हणजे खालचं पण हलते नं वरचं पण. गेटजवळ, जिथे गाडीचं चाक येते तिथे, खड्डा पडला, खड्ड्यात पाणी, पाण्यावर पुन्हा शेवाळ. ज्याच्यासाठी मशीन घेतलं तेच दुप्पट. वरून रिकाम्या फटीत मुंग्यांनी वारूळ केलं, गवत आलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही करताही येत नाही, रेती भरायची तर फट कोरडी पाहिजे नं रेती पण कोरडी पाहिजे, ओली रेती तोंडावरच अडकते, आत उतरत नाही.

मिस्त्री म्हणाला, "सायेब, सिमेंटचं पाणी मारून देतो, झंझट खतम." अजिबात करू नका. जमीन हलली की ते तडकते, पावसाचं पाणी खाली मुरायच्या ऐवजी वरच साचते, आणि सिमेंटमधला चुना वर येऊन पांढरे डाग पडतात. डागांचंही ऐका. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन गट्टूंवर बाथरूमवालं ॲसिड टाकून पाहिलं, फसफसलं, पांढरं गेलं नं सोबत लाल पण गेला, आता तिथे खरबरीत गिट्टी दिसते. त्या दोघांवर कुंडी ठेवली आहे. ॲसिड नि ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

ऑक्टोबरमध्ये, ऊन पडल्यावर, क्रशरची चुरी (दगड फोडताना पडणारा बारीक चुरा) तीन गोण्या आणली. कन्हान नदीची रेती महाग पडते आणि या कामाला चुरीच बरी, दाणा टोकदार असल्याने एकमेकांत अडकून बसते. दोन दिवस गच्चीवर वाळवली, रव्याच्या चाळणीने चाळली (घरात यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, नवीन चाळणी आणून दिली). आधी गेटजवळचे तीस-बत्तीस गट्टू दोन पेचकसांनी उचकटून काढले, खाली चुरी टाकून फळीने सपाट केली, परत बसवले. मग सगळीकडे चुरी पसरून खराट्याने तिरपी-तिरपी ओढली, फटीच्या रेषेत नाही, आडवी. रबरी हातोडीने ठोकत गेलं की चुरी आत बसते नं फट पुन्हा रिकामी दिसते, पुन्हा भरा. तीन वेळा केलं तेव्हा काठोकाठ झालं. अडीच गोण्या संपल्या. म्हणजे मी एका रविवारी मशीनने अडीच गोण्यांपर्यंतची रेती नालीत घातली होती, नं तिच्यासाठी पाणी पण माझंच.

त्यानंतर चार वेळा धुतलं, काही गेलं नाही. पंख्यासारखी पसरट धार, हातभर अंतर, तिरपं धरायचं, आणि फटीच्या लांबीत कधीच नाही. गोल फिरणारी टर्बो नोझल डब्यातच ठेवा, ती गट्टूची वरची सायच खरवडते. दिवाळीत धुतलं तेव्हा फटी भरलेल्याच राहिल्या, बायको म्हणाली आता पहिल्यासारखं चमकत नाही. मी म्हटलं, हलत पण नाही.

इथपर्यंत बुधवारी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं लिहिणार होतो. आज रविवार, गोष्ट बदलली.

बोअरची मोटर बघायला मेकॅनिक आला होता. कोपऱ्यात मशीन बघून म्हणाला, कायले टाकून ठेवलं? सांगितलं. त्याने काहीच न बोलता नळ जोडायच्या तोंडात पकड घातली नं करंगळीच्या पेराएवढी एक प्लॅस्टिकची जाळी बाहेर ओढली. तळहातावर ठोकली. चिमूटभर रेती. बोअरची, आमच्याच टाकीतली. धुवून लावली, मशीन चालू केलं, धार गेटवर आदळली. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या त्या पोराला जाळी माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेख आहे, पान सतरा, एका ओळीत, इतक्या बारीक अक्षरात की मला मोबाइलच्या टॉर्चने वाचावं लागलं. बोअरचं पाणी असलेल्या घरात ही ओळ पहिल्या पानावर लाल रंगात पाहिजे. टाकीच्या तळाला गाळ बसतो आणि पाइप तळापासूनच निघतो, त्यामुळे दर धुण्याआधी जाळी काढून बघा, आणि टाकी रिकामी होत आली असेल तर मशीन लावूच नका. हीच रेती पंपाच्या आत गेली तर सील खाते, मग खरंच ३,२०० लागतील.

जुनी जाळी थोडी फाटली होती. सीताबर्डीत एका दुकानात साठ रुपयाला मिळाली, दोन घेतल्या, एक मशीनच्या पिशवीत दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

मशीनला चार स्टार. पाचवा कापला तो पाच मीटरच्या पाइपसाठी, इतका ताठ की मशीन ओढत आणते नं गेटपर्यंत पोचत नाही. सर्व्हिसला शून्य. २५० ची पावती जपून ठेवली आहे, सोमवारी जाळी खिशात घालून जाणार आहे.