डिस्चार्ज बुक हरवलं आणि एजंट घरी आला

वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पेन्शन लागू व्हायच्या आतच १९६९ साली सुटून घरी आले. सुटताना मिळालेलं, सेवेची नोंद असलेलं त्यांचं डिस्चार्ज बुक पुढे पुराच्या पाण्यात गेलं. ते वारल्यावर आईसाठी अनुदानाचा अर्ज करायला निघालो आणि पहिल्याच पायरीला अडलो. ते सैन्यात होते याचा पुरावा काय?

तेवढ्यात ओळखीतून एक जण घरी आला. म्हणाला, "पेन्शन नसलेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. तुमचं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवतात तिथे, आता काही उरलेलं नाही. पण माझी आत ओळख आहे." यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच आम्ही फसलो. कागद नष्ट केले तरी लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम जपतात. त्यात सैनिकाचा नंबर, नाव, भरतीची आणि सुटल्याची तारीख असते. हे त्याने सांगितलंच नाही.

डिस्चार्ज बुक काढून देतो म्हणून त्याने १८,००० रुपये घेतले. वर 'पडताळणीसाठी' म्हणून वडिलांना १९६५ च्या युद्धासाठी मिळालेलं रक्षा पदक मागितलं. आईने ते पदराने पुसून त्याच्या हातात दिलं. पदकाच्या कडेवर वडिलांचा नंबर आणि नाव होतं. घरातला सगळ्यात पक्का पुरावा आम्हीच देऊन बसलो.

दीड महिन्याने पिवळट पडलेलं 'मूळ' डिस्चार्ज बुक आलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी शिक्क्यावर बोट ठेवलं. १९६९ च्या शिक्क्यात गावाचं नाव 'बेळगावी'! बेळगावचं हे नाव अधिकृत झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. त्या म्हणाल्या, "दादा, हे अर्जाला जोडलं असतंत तर गुन्हा तुमच्यावर आला असता."

नंबर शेवटी मामाकडे राहिलेल्या एका जुन्या पत्रावर सापडला. मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, वडिलांच्या अक्षरात नंबर, शिपाई, नाव, ५६ ए.पी.ओ. (सैन्याचं टपाल कार्यालय). तेवढ्यावर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद केली, प्रतिज्ञापत्र केलं आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला. लाँग रोलवरून दोन्ही तारखा कळवणारं उत्तर आलं. एजंट लागलाच नाही.

त्याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे, फोन बंद आहे. पैशांचं मी सोडलं. पण जुन्या वस्तूंच्या बाजारात कुणाला रक्षा पदक दिसलं, तर कृपा करून कडेवरचं नाव वाचा आणि जवळच्या सैनिक कल्याण कार्यालयात कळवा. आई अजून विचारते.