कॅसेट पेन ड्राइव्हवर करायला देण्याआधी आमचा अनुभव वाचा

घरातल्या माणसांचे आवाज असलेल्या जुन्या कॅसेट कुणाला पेन ड्राइव्हवर करायला देणार असाल, तर आधी हे वाचा. सांगलीतल्या एका दुकानदाराने आम्हाला फसवलं आहे. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आमच्या आबांचं सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीत भजनी मंडळ होतं. एकादशीची भजनं काका टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायचे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा खालचा मजला पाण्यात होता. कॅसेटची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली, पण भिंतींची ओल बरेच महिने हटली नाही आणि रिळांवर पांढरी बुरशी धरली.

दुकानदाराने कॅसेट उजेडात धरून पाहिल्या आणि कामांची यादी सांगितली. बुरशी साफ करायची, रीळ नव्या खोक्यात भरायची, रीळ हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकवून धरणारी फेल्टची गादी बदलायची आणि ओल काढायला कॅसेट भट्टीत ठेवायच्या. प्रत्येक कामाचे पैसे वेगळे. दोन्ही साइड, आवाज न दाबता (कॉम्प्रेस न करता), वेव्ह फाईलमध्ये देतो असं पावतीवर लिहून दिलं आणि सगळे पैसे आधीच घेतले.

भट्टीचं नंतर कळलं ते असं. रीळ मंद आचेवर तापवण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः स्टुडिओतल्या काही जुन्या मोठ्या रिळांसाठी. त्यांच्यावरचा थर ओल धरून चिकट होतो. घरच्या कॅसेटला ती सहसा लागत नाही. उलट उष्णतेने खोकं वाकतं आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. कुणी कॅसेटच्या भट्टीचे पैसे सांगितले तर तिथून उठा.

पेन ड्राइव्ह घरी लावल्यावर पहिली शंका आत्याला आली. "अरे, ही बी साइड कुठली? मघाचीच भजनं परत लागलीत." खरंच, ए साइडचीच फाईल नाव बदलून पुन्हा टाकली होती, आणि एकाच नव्हे तर बऱ्याच कॅसेटच्या बाबतीत. मग आकार पाहिले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक साइड अर्ध्या तासाची. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला साधारण दहा एमबी घेते, म्हणजे साइडला तीनशेच्या आसपास. आमच्या फाईली चौदा एमबीच्या, त्याही एमपीथ्री, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या. टाळांचा झणकार पार बसलेला.

कॅसेट हातात घेतल्या तर खोकी जुनीच. स्क्रूंवर पुराच्या ओलीचा गंज जसाच्या तसा, म्हणजे ती कधी उघडलीच नव्हती. कॅसेटच्या खिडकीतून बुरशी दिसत होती. बुरशीची रीळ तशीच लावली की ती हेडवर, रोलरवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. याने आमच्या सगळ्या एकामागून एक तशाच लावल्या.

एक कॅसेट मात्र उघडलेली होती. तिची रीळ मशीनमध्ये गुंतली असणार, कारण चुरगळलेला भाग कापून टोकं साध्या चिकटपट्टीने जोडली होती. त्या पट्टीचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो. जोडायची पट्टी वेगळी मिळते. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते, म्हणजे हातभर रीळ कापली की नऊ-दहा सेकंद गेले. आमचे गेले ते आबा अभंगाचा अर्थ सांगत होते त्यातले. एवढं करून आम्हाला त्याने चकार शब्द सांगितला नाही, याची चीड अजून जात नाही.

तुम्ही देताना आधी एकच कॅसेट द्या, तीही कमी महत्त्वाची, आणि तिच्या दोन्ही साइड शेवटपर्यंत ऐका. वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या खाचांवरच्या कपच्या मोडून द्या, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. खोकं बदलणार असतील तर तुमच्यासमोर उघडायला सांगा. कुठली रीळ तुटली, कुठे जोडली, हे लिहून मागा आणि कापलेला तुकडा परत मागा, चुरगळलेला असला तरी. तो सपाट करून बराचसा आवाज निघू शकतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची रीळ पातळ असते, एकशेवीसची त्याहून पातळ, म्हणून ती कुणाच्याही मशीनवर भराभर मागे-पुढे करू देऊ नका. पैसे ऐकून झाल्यावर द्या.

पावती जपून ठेवा. आम्ही तिच्याच आधारावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत.

त्या काळी मंडळातली माणसं एकमेकांच्या कॅसेटवरून कॉपी करून घ्यायची. गावभागातल्या एकादशीच्या भजनाची अशी कॉपी कुणाच्या घरी असेल तर ती टेपरेकॉर्डरला न लावता आधी आम्हाला कळवा. आम्ही येऊन, तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच घरी उतरवून घेऊ.