जुन्या मासेमारी होडीला नवी फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड: नऊ महिने, २१० तासांनंतरचा अनुभव

होडी १८ फुटी, फायबरची, जुन्या बांधणीची. मागे आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या भिंतीला बाहेरून लावलेली मोटर, ४० एचपीची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक होती. तिच्या जागी ४० एचपीचीच, पण फोर-स्ट्रोक आणि इंधन इंजेक्शनवाली मोटर बसवली. नऊ महिन्यांत खाऱ्या पाण्यात २१० तास झाले. काम मासेमारीचं: दोन-तीन माणसं, जाळी, बर्फाची पेटी. जाताना होडी हलकी, येताना जड.

एवढ्या वापरानंतर एक गोष्ट खात्रीने सांगता येते. जुन्या होडीसाठी मोटर निवडताना एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी वजन, मग ट्रान्सम (होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर मोटर बसते), मग शाफ्टची (मोटरीच्या खाली पाण्यात जाणाऱ्या भागाची) लांबी, मग पंखा. या चारांत कुठे चुकलं, तर उत्तम मोटरही त्या होडीवर नीट चालत नाही, आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

वजनापासून सुरुवात करू, कारण फसगत इथेच जास्त होते. ४० एचपीची जुनी टू-स्ट्रोक साधारण ७० ते ७५ किलोची असते. त्याच ताकदीची आजची फोर-स्ट्रोक ९५ ते १०५ किलो भरते. म्हणजे २५-३० किलो वाढले, तेही होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला. जुन्या होड्यांची मागची बाजू त्या हलक्या मोटरींच्या हिशोबानेच बांधलेली आहे. परिणाम लगेच दिसतो: डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी मागची भोकं पाण्याच्या पातळीजवळ येतात आणि होडी नुसती उभी असतानाही पाणी उलटं आत शिरतं.

हे मोटर घेण्याआधी तपासता येतं. जुनी मोटर जागेवर असतानाच ट्रान्समजवळ ३० किलो वाळूची पोती ठेवा, टाकी पूर्ण भरा, दोन माणसं मागे उभी करा आणि भोकांची खालची कड पाण्यापासून किती वर राहते ते मोजा. आमच्या होडीत ती ७ सेंमीवरून ३ सेंमीवर आली. ३ सेंमी म्हणजे काहीच नाही, मागून एक लाट आली की संपलं. उपाय साधा निघाला. सुमारे २० किलोची बॅटरी आणि पेट्रोलची टाकी नाळेकडे सरकवली, आणि गमावलेली उंची बरीचशी परत मिळाली.

बॅटरी पुढे नेताना एक गोष्ट विसरू नका. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर प्रवाह ओढतो. केबल लांबली की व्होल्टेज वाटेत पडतं. ३ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. १५० अँपिअरला १६ चौरस मिमीच्या केबलमध्ये जवळजवळ १ व्होल्ट जातो, ३५ चौरस मिमीमध्ये अर्धा व्होल्टही नाही. इंजेक्शनच्या मोटरीला हा फरक लगेच जाणवतो. स्टार्टर फिरतो, पण कॉम्प्युटर आणि फ्युएल पंपाला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, आणि मोटर चालूच होत नाही. मग बिचारे प्लग उगाच बदलले जातात.

ट्रान्समची तपासणी घाईत करू नका. बहुतेक जुन्या फायबर होड्यांत ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते आतून कुजतं आणि बाहेरचा थर मात्र चकचकीत राहतो. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. मग मोटर अर्धी वर करून तिचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला ट्रान्सम नि त्याच्या कोपऱ्यांकडे बघायला सांगा. ट्रान्सम लवत असेल किंवा कोपऱ्यात बारीक चिरा उघडत असतील तर आधी ट्रान्समचं काम, मग मोटर. शंका राहिली तर आतल्या बाजूने ५ मिमीचं भोक पाडून भुसा हातात घ्या. कोरडा आणि फिकट असेल तर ठीक. ओला, काळपट, चुरगळणारा असेल तर ट्रान्सम गेलेला आहे. ते भोक नंतर इपॉक्सीने बुजवायचं.

जुन्या बोल्टांच्या भोकांवर विसंबू नये. आजच्या मोटरींत बोल्टांची मांडणी बहुतेक ठरलेली असते: वरच्या दोन भोकांत ३२७ मिमी अंतर, खालच्या दोन खाचांत २५१ मिमी. जुनी भोकं जुळली नाहीत तर ती इपॉक्सीने पूर्ण भरून नवी पाडावीत. नवं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरलं आणि मग त्यात अर्ध्या इंची बोल्टचं भोक पाडलं, तर प्लायवूडपर्यंत पाणी पोचायला वाटच राहत नाही. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर, आणि सीलंट सागरी वापराचं पॉलियुरेथेन. खिडक्यांचं सिलिकॉन इथे टिकत नाही. आणि ४० एचपीची मोटर नुसत्या क्लॅम्पच्या स्क्रूंवर कधीही सोडू नये.

शाफ्टच्या लांब्या तीन लक्षात ठेवायच्या: १५, २० आणि २५ इंच. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून मधोमध खाली तळापर्यंत मोजा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा इंचभर वर-खाली आली पाहिजे. मोटर फार खोल बसली तर ओढ वाढते आणि मागे पाण्याचा फवारा उडतो. फार वर बसली तर वळताना पंखा हवा खेचतो, आरपीएम एकदम वर जातात आणि होडी ढकललीच जात नाही. ब्रॅकेटवरची भोकं पाऊण इंचाच्या अंतराने असतात. आमची मोटर सुरुवातीला एक भोक जास्त वर बसली होती. एक भोक खाली घेतल्यावर वळणावरची ओरड थांबली. लाकडी होडीला जाड कील (तळाचा मधला कणा) असेल तर कीलच्या मागून येणारं फेसाळ पाणी थेट पंख्यावर जातं. तिथे मोटर थोडी खाली घेणं किंवा कीलचं शेवटचं टोक निमुळतं करणं, हेच दोन मार्ग.

आता पंखा, आणि इथे मन लावून वेळ द्यावा. मोटरबरोबर १३ पिचचा पंखा आला. पिच म्हणजे एका फेरीत पंखा हिशोबाने किती इंच पुढे सरकतो ते माप. रिकाम्या होडीवर तो छान वाटला. भरलेल्या होडीवर पूर्ण थ्रॉटलला मोटर ५१०० आरपीएमच्या वर जाईना. निर्मात्याने दिलेली मर्यादा ५००० ते ६०००. कागदावर सगळं बरोबर, प्रत्यक्षात मोटर सतत चढावर गाडी टॉप गिअरमध्ये ओढल्यासारखी कण्हत होती. अशी ओढाताण इंजिनाचं आयुष्य खाते. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ पिच लावल्यावर भरलेली होडी ५५०० वर गेली, प्लेनवर (पाण्यावर उचलून घसरत चालण्याच्या स्थितीत) लवकर आली आणि रिकाम्या होडीलाही ६००० ओलांडावे लागले नाहीत. वेग अगदी थोडा कमी झाला, तो झाला तर होऊ दे. नियम एकच धरा: होडी नेहमी जेवढी भरता तेवढी भरून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम बघायचे, आणि ते मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात आले पाहिजेत. टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं यंत्र) नसेल तर आधी तो बसवा. त्याशिवाय पंखा निवडणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

ज्यांची होडी जड आणि संथ आहे, पाणी कापत चालणारी आहे, त्यांनी एचपीच्या मागे लागूच नये. अशा होडीचा वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. २० फुटांना ६ नॉट. त्यापुढे ढकलायला कितीही ताकद लावली तरी पेट्रोल जळतं आणि शेपूट खाली बसते, बाकी काही होत नाही. तिथे मोठ्या गिअर रेशोची (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या जास्त फेऱ्या) हाय-थ्रस्ट मोटर घ्यावी. ६० एचपीच्या वर्गात साध्या मोटरीचा रेशो १.८५ च्या आसपास असतो, हाय-थ्रस्टचा २.३३. पंखा मोठा आणि सावकाश फिरतो, भरलेलं जाळं ओढताना किंवा उलट्या प्रवाहात त्याची पकड जाणवते.

पहिले दहा तास शिस्तीत काढले. पहिला तास २००० आरपीएमपर्यंत, दुसरा ३००० पर्यंत, पुढचे आठ तास वेग बदलत, आणि सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण थ्रॉटल नाही. २० तासांना इंजिन ऑइल, फिल्टर आणि गिअर ऑइल बदललं. त्यानंतर दर १०० तासांनी. ऑइल एफसी-डब्ल्यू या सागरी फोर-स्ट्रोकसाठीच्या प्रमाणपत्राचं, १०डब्ल्यू-३०. कारचं ऑइल स्वस्त वाटतं, पण खाऱ्या दमट हवेत गंज रोखणारे घटक त्यात तसे नसतात.

पेट्रोलचा फरक खरोखर मोठा आहे. ३५०० ते ४००० आरपीएमच्या चालीत तासाला ६ ते ७ लिटर. जुनी टू-स्ट्रोक त्याच कामाला १० च्या पुढे जायची, शिवाय ५० ला १ प्रमाणात तेल वेगळं. पूर्ण थ्रॉटलला नवी सुमारे १४ लिटर पिते. गळ टाकून तासन्‌तास मंद चालवताना ना धूर, ना प्लग काळे पडणं, आणि आवाज इतका कमी की मागे बसून साध्या आवाजात बोलता येतं. चार्जिंगही चांगलं. फिशफाइंडर, दिवे आणि पाणी उपसणारा पंप चालू ठेवूनही बॅटरी संध्याकाळी भरलेली असते.

मंद चालवण्याचा एक धोका मात्र आहे. फोर-स्ट्रोक थंड पाण्यात फार वेळ कमी आरपीएमवर ठेवली की पूर्ण तापत नाही. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. डिपस्टिकवर खूण ओलांडलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदला. दिवसाच्या शेवटी १५-२० मिनिटं ४००० च्या आसपास चालवून परतलं की हा त्रास बराच टळतो.

सगळ्यात जास्त त्रास झाला इंधनाच्या वाटेवर, आणि चूक मोटरीची नव्हती. जुन्या टाकीच्या तळाचा गाळ कार्ब्युरेटरने वर्षानुवर्षं चालवून घेतला होता. इंजेक्टर तो चालवून घेत नाहीत. साठाव्या तासाला मोटर ४५०० च्या वर अडखळू लागली. टाकी आणि मोटरच्या मधल्या फिल्टरमध्ये पाणी आणि तपकिरी कण सापडले. टाकी बदलली, ३/८ इंची नवी नळी टाकली, १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, तेव्हा मोटर सुरळीत झाली. हे काम मोटर बसवतानाच करायला हवं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं, आणि जुन्या नळ्यांचा आतला थर सोलून निघतो. हातपंपाच्या फुग्यावर लक्ष ठेवा: चालू मोटरीत तो चपटा झाला तर टाकीकडून अडथळा आहे, बहुतेक वेळा टाकीचा हवा-स्क्रू बंद राहिलेला असतो. तो दाबून कधीच घट्ट होत नसेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेला आहे.

रोज परतल्यावर १० ते १५ मिनिटं गोड्या पाण्याने धुणं, यात सूट नाही. थंड पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक झाली तर आधी तिच्या तोंडात तंगूसचा तुकडा घालून मीठ मोकळं करा. तरीही बारीक राहिली तर इंपेलर (थंड पाणी खेचणारा पंपातला रबरी पंखा) बघा. अ‍ॅनोड (मोटरीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) अर्धे झिजले की बदलायचे, आणि त्यांना रंग अजिबात लावायचा नाही. होडीच्या तळाचा तांबेयुक्त रंगही मोटरीच्या अ‍ॅल्युमिनियमवर चढू देऊ नका, धातू खाऊन जातो.

तक्रारी दोनच, पण खऱ्या. एकट्या माणसाने ही मोटर उचलून उतरवणं शक्य नाही. आडवी ठेवायची तर पुस्तिकेत सांगितलेल्या बाजूवरच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जातं. आणि समुद्रावर बिघडली तर जुन्यासारखं चाकू-पकडीवर काम भागत नाही. जिथे जवळपास निदान करणारा मेकॅनिक आणि सुटे भाग नाहीत तिथे कोणत्या कंपनीची मोटर घ्यायची हे कागदावरच्या वैशिष्ट्यांपेक्षा सर्व्हिसवर ठरवावं. बीआरपी या कंपनीने २०२० मध्ये आपल्या एव्हिनरूड आऊटबोर्ड मोटरींचं उत्पादन थांबवलं. इतक्या जुन्या नावाचं असं होऊ शकतं, म्हणून सुटे भाग मिळतात का हे वापरलेली मोटर घेतानाही आधी विचारा.

मासेमारी करणाऱ्यांनी एक काम दर आठवड्याला करावं. पंखा काढून शाफ्टवर तंगूस गुंडाळलेली आहे का ते बघा. ती सीलमध्ये शिरून त्याला कापते, गिअरबॉक्समध्ये पाणी जातं आणि ऑइल दुधासारखं होतं. आमच्या मोटरीत दोनदा तंगूस सापडली, दोन्ही वेळा सील वाचलं. गिअर ऑइल भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल बाहेर येईपर्यंत, आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. पंख्याची पिन प्रत्येक वेळी नवी. होडीत आता कायम असतात त्या वस्तू: सुटा पंखा, नट आणि चार पिना, प्लग, फिल्टर, फ्यूज, इंपेलर, आणि किल-स्विचची (चालवणारा पाण्यात पडला तर मोटर बंद करणाऱ्या स्विचची) जास्तीची दोरी.