एसयूएस प्रश्नावली: मोजमाप झटपट, निदान शून्य

जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये तयार केलेली ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ (एसयूएस) ही सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटची वापरसुलभता, म्हणजे ती वापरायला किती सोपी, हे मोजायची आजही स्वस्त सोय. दहा विधानं, वापरणाऱ्याने प्रत्येकाला द्यायचे 1 (अजिबात असहमत) ते 5 (पूर्ण सहमत) गुण, काही मिनिटांत काम संपतं.

गोंधळ होतो तो हिशेबात. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून 1 वजा करायचा. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी, म्हणून तिथे 5 मधून गुण वजा करायचे. मग बेरजेला 2.5 ने गुणायचं. ही उलटापालट विसरली की निकाल कचऱ्यात. भरणारेही घाईत चुकतात. होकारार्थी-नकारार्थी अशा दहाही विधानांना 5 दिसले तर त्या माणसाला पुन्हा विचारा. आणि हो, आलेला 0 ते 100 मधला आकडा टक्केवारी नव्हे! सरासरी साधारण 68 धरतात, त्यामुळे 70 म्हणजे जेमतेम बरं.

चाचणीत वापरणाऱ्यांना दिलेली कामं उरकल्यावर लगेच, चर्चेआधी प्रश्नावली द्या. नाहीतर बोलण्याचा रंग उत्तरांवर चढतो.

लोक नेमके कुठे अडले, हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी पाच-सहा जणांना मनातलं मोठ्याने बोलत काम करायला लावणं आलंच. पण तेवढ्याच जणांच्या सरासरीवरून दोन आवृत्त्यांची तुलना करू नका. एकाच्या नाराजीनेही आकडा हलतो.